परीक्षेच्या महिन्यांतला पाऊस

खानदेशातला पाऊस आणि खानदेशातल्या परीक्षा यांची कधी गाठ पडत नाही. बारावीचे पेपर फेब्रुवारीत सुरू होतात, त्यामागोमाग दहावीचे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये येतात, ‘नीट’ही सहसा मे महिन्यातच. त्या दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी कुणाला नवल वाटत नाही. पाऊस उतरतो जूनच्या मध्यावर आणि सप्टेंबर संपता संपता निघून जातो. तोही बेताचाच. जळगावला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर, धुळ्याला त्याहून कमी, कारण धुळे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. महाबळेश्वरला हाच आकडा ५००० च्या पुढे जातो. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर पाणी पडलं की तो पावसाचा दिवस. असे दिवस खानदेशच्या वाट्याला वर्षभरात पन्नासही येत नाहीत.

आणि तरी ऐन मार्चमध्ये अभ्यासिकेतल्या कितीतरी मुलामुलींच्या कानात पाऊस पडत असतो. फोनवर आठ-आठ, दहा-दहा तासांचे पावसाच्या आवाजाचे व्हिडिओ मिळतात. ते लावायचे, इयरफोन घालायचे आणि स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडायचं. याने मन लागतं असं ही मुलं सांगतात आणि ते खोटं नाही. पण ते का लागतं, कुणाचं लागतं आणि कुठल्या अभ्यासाला लागतं, हे समजून घेतलं तर या आवाजाचा उपयोग डोळसपणे करता येईल. आधी त्या आवाजाकडेच पाहू.

पाऊस हवेतून खाली येताना जवळजवळ मुका असतो. आपण ऐकतो तो आवाज पाऊस ज्यावर पडतो त्याचा. म्हणून घराचं छप्पर बदललं की घरातला पाऊसही बदलतो. खानदेशातलं जुनं घर धाब्याचं असायचं. लाकडी तुळया, त्यांवर काड्यांचा किंवा फळ्यांचा थर आणि त्याच्यावर चांगली जाड माती. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपायची हे घरोघरचं काम होतं. अशा छपरावर कितीही जोराचा पाऊस आला तरी खालच्या खोलीत त्याचा गाजावाजा नसे. माती थेंबाचा मार गिळून टाकते. पाऊस कळायचा तो अंगणात पडणाऱ्या पन्हाळीच्या धारेवरून. पुढे पत्रे आले आणि घरातला पाऊस एकदम बोलका झाला. पातळ, ताणलेला पत्रा प्रत्येक थेंबासरशी थरथरतो आणि ती थरथर हवेत सोडतो. जोराची सर आली की पत्र्याखाली शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मग स्लॅबची घरं आली आणि पाऊस पुन्हा दूर गेला. काँक्रीट इतकं जड असतं की थेंबांनी ते हलत नाही. आजच्या शहरी मुलाला पाऊस ऐकू येतो तो खिडकीतून, शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून किंवा फोनवरून.

पावसाचा थेंब साधारण अर्धा ते पाच मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याहून मोठा झाला की वाटेतच फुटतो. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने जमिनीवर येतो, पाच मिलिमीटरचा नऊ मीटरच्या आसपास. पत्र्यावर आदळला की त्याचा ठोका होतो. पण डबक्यात पडला तर गंमत वेगळी असते. पाण्याला पाणी लागून होणारा आवाज फार क्षीण असतो. ऐकू येतो तो मुख्यतः थेंबासोबत पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा आवाज. हा बुडबुडा क्षणभर आकसतो-फुगतो आणि त्याचा एक ठरावीक सूर निघतो. मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये या सुराचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३३०० वेळा कंप पावतो, बुडबुडा मोठा असेल तर सूर खाली उतरतो. पाण्यात पडणाऱ्या वस्तूंच्या आवाजाने त्याच्याही आधी आपल्याकडच्या एका मोठ्या माणसाला ओढून घेतलं होतं. १९२० मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आशुतोष डे यांच्यासोबत या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला होता.

आता एक प्रश्न. हजारो थेंबांची सर ऐकून मन शांत होतं, मग रात्री गळक्या नळाचा एकच थेंब झोप का उडवतो? केंब्रिज विद्यापीठातले अनुराग अगरवाल एकदा ब्राझीलमध्ये मित्राकडे उतरले होते. तिथे छत गळत होतं, खाली बादली ठेवली होती आणि त्या टपटपीने त्यांची झोप मोडली. परत आल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसोबत अतिवेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून त्या टपटपीचा छडा लावला. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण तेच, अडकलेला बुडबुडा. बादलीतल्या पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण घातला की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि आवाज जवळपास बंद होतो, हेही त्यांनी दाखवलं. पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याखाली पातेलं ठेवून अभ्यास करणाऱ्याने ही युक्ती जरूर करून पाहावी.

एका थेंबाचा त्रास होतो कारण दोन थेंबांच्या मध्ये शांतता असते. मेंदू पुढच्या थेंबाची वाट पाहत राहतो. सरीत तशी वाट पाहायला जागाच उरत नाही. हजारो थेंब वेगवेगळ्या क्षणी, वेगवेगळ्या सुरांत पडतात आणि त्यांचा मिळून एक सपाट, अखंड आवाज होतो. त्यात नवी बातमी काही नसते. जे बदलत नाही त्याकडे लक्ष देणं मेंदू लवकरच सोडून देतो, आणि अभ्यासाला नेमकं तेच हवं असतं.

अभ्यास मोडतो तो आवाजाच्या मोठेपणाने कमी आणि त्याच्या अर्थाने, चढउताराने जास्त. गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा तपासलं आहे. कोल आणि वेल्श यांनी १९७६ मध्ये काही जणांना अक्षरांच्या रांगा क्रमाने लक्षात ठेवायला दिल्या आणि मागे कुणीतरी जर्मनमधून वाचत असल्याचा आवाज लावला. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी चुका वाढल्या. १९८२ मध्ये सलामे आणि बॅडली यांनी दाखवलं की बोलण्याच्या आवाजाने स्मरणाला धक्का बसतो, साध्या अखंड गोंगाटाने तसा बसत नाही. पुढे डायलन जोन्स यांनी त्याचं एक कारण पुढे आणलं. क्षणाक्षणाला बदलत जाणारा आवाज मेंदूतल्या क्रम लावण्याच्या कामात घुसतो. बोलणं हे तर सतत बदलणाऱ्या आवाजाचं टोकच. शब्द असलेली गाणीही त्याच जातीची. ‘गाणी लावल्याशिवाय माझा अभ्यासच होत नाही’ असं म्हणणाऱ्याने गणितं सोडवताना ती लावली तर एकवेळ चालेल, इतिहासाच्या सनावळ्या पाठ करताना ती नक्की बंद ठेवावीत.

पाऊस इथे कामाला येतो. बोलणं समजतं ते मुख्यतः व्यंजनांमुळे. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा जोर वरच्या पट्टीत, सेकंदाला दोन हजार कंपनांच्या पुढे असतो, आणि तो स्वरांपेक्षा फार दुबळा असतो. पावसाचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे ही दुबळी व्यंजनं त्यात सहज बुडतात. बाहेरच्या खोलीत आत्या फोनवर बोलत असते ते ऐकू येत राहतं, पण कुणाच्या लग्नाचं बोलते आहे ते कळेनासं होतं. कळेनासं झालं की मन तिकडे धावायचं थांबतं. पाऊस शांतता आणतो असं आपण म्हणतो खरं, पण तो करतो एवढंच की शेजारच्या बोलण्यातला अर्थ पुसून टाकतो.

खानदेशातल्या घरात पुसून टाकण्याजोगं पुष्कळ असतं. दोन खोल्यांत पाच-सहा माणसं, टीव्हीवर मालिका, दारात भाजीवाला. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, जळगावात सुरत-नागपूर रस्ता शहरातूनच गेला आहे, आणि हॉर्नला तिथे रात्र माहीत नाही. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलं ‘आम्हाला गाड्यांची सवय आहे’ असं अभिमानाने सांगतात. सवय होते हे खरं, पण तिची किंमत मोजावी लागते. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेशेजारून उन्नत रेल्वे जायची. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये तिथल्या मुलांचं वाचन तपासलं. रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, वरच्या इयत्तेत तर हा फरक वर्षभरापर्यंत गेला होता. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली आणि फरक मिटला. नुसत्या सवयीने भागलं असतं तर तो पडलाच नसता. गाडी येते, जाते, पुन्हा येते, हे येणं-जाणंच घातक असतं.

खानदेशच्या मुलांना पावसासारखा अखंड आवाज फोनने पहिल्यांदा दिला असं मात्र नाही. तो त्यांच्या घरात आधीपासून आहे, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांतच आहे. तो म्हणजे कूलर. मार्च लागला की माळ्यावरून कूलर उतरतो, जुनं गवत काढून नवं भरलं जातं, टाकी धुतली जाते. छोटी मोटर टाकीतलं पाणी वर चढवते, ते तिन्ही बाजूंच्या जाळ्यांवरून झिरपत खाली येतं आणि मोठा पंखा त्या ओल्या गवतातून हवा खेचतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि खोली गार होते. हवा कोरडी असेल तरच हे चालतं, म्हणून कोकणात कूलर कुचकामी आणि खानदेशात घरोघर. पण त्याच्या आवाजाकडे आपण कधी नीट लक्ष दिलेलं नाही. पंख्याच्या हवेचा घुमारा खालच्या पट्टीत, गवतातून सुटणाऱ्या वाऱ्याचा सळसळाट वरच्या पट्टीत आणि मधून टाकीत पडणाऱ्या पाण्याची झुळझुळ. आवाजाच्या बाजूने पाहिलं तर पावसाच्या सरीपासून तो फारसा लांब नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर गारवा देणं सोडतो, आणि त्याच आठवड्यांत खरा पाऊस सुरू होतो. एक आवाज थांबतो, दुसरा लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की ज्या खोलीत कूलर चालू आहे तिथे वर आणखी फोनवरचा पाऊस लावायची गरज नाही. दोन आवाज एकमेकांवर चढतात, कूलरवर मात करण्यासाठी मुलं इयरफोनचा आवाज वाढवतात आणि कानांवर नाहक ताण येतो. कूलरचा खरा दोष दुसराच. वीज गेली की तो एका क्षणात थांबतो. तेव्हा उकाडा जाणवण्याआधी ती अचानक आलेली शांतता मन उडवते. रस्त्यावरचं प्रत्येक बोलणं एकदम स्पष्ट होतं. अशा वेळी बॅटरीवर चालणाऱ्या फोनमधला हलका पाऊस खरंच उपयोगी पडतो.

हा आवाज सगळ्यांना सारखा मानवत नाही. स्वीडनमधल्या ग्योरान सोडरलुंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष टिकवणं ज्यांना जन्मतः जड जातं अशा, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलांची कामगिरी अखंड गोंगाटात सुधारली, बाकीच्या मुलांची घसरली. २०२४ मध्ये जोएल निग यांच्या गटाने अशा १३ अभ्यासांची एकत्र छाननी केली तेव्हाही चित्र तेच निघालं. एडीएचडी किंवा तशी लक्षणं असलेल्या मुला-तरुणांना थोडा फायदा, इतरांना थोडं नुकसान. दोन्ही बाजूंचे आकडे लहान आहेत, पण दिशा उलट आहे. एक अंदाज असा की काही मेंदूंना जागं राहायला बाहेरून थोडी ढवळाढवळ लागते, आणि जे आधीच पुरेसे जागे असतात त्यांना तीच जास्त होते. हे प्रयोग झाले ते शांत खोलीत. ज्या घरात शांतता नाहीच, तिथे तुलना पाऊस आणि शांतता यांची नसून पाऊस आणि मालिकेतले संवाद यांची असते. तिथे पाऊस जिंकतो. पण ज्याला पहाटे चारची निवांत खोली मिळते त्याने ती निवांत ठेवावी.

कामाचा प्रकारही पाहायला हवा. रवी मेहता आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कॅफेतल्यासारखा मागचा गलबला वेगवेगळ्या पातळ्यांवर लावून पाहिला. ७० डेसिबलला लोकांना नव्या कल्पना ५० डेसिबलपेक्षा जास्त सुचल्या, ८५ डेसिबलला पुन्हा कमी झाल्या. निबंधाचा आराखडा, चित्रं, प्रकल्पाची कल्पना अशा कामांना थोडा आवाज चालतो. संस्कृतचं रूप किंवा आवर्तसारणी पाठ करताना आपण मनातल्या मनात ती म्हणत असतो, आणि तिथे शांतता मिळाली तर तीच उत्तम. ओळखीची गणितं एकामागून एक सोडवताना, वहीत उतरवून घेताना, जुन्या प्रश्नपत्रिका लिहिताना पाऊस चांगली सोबत करतो.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यातलं सहावं, २७ मार्चचं प्रवचन चित्ताच्या एकाग्रतेवर आहे. एकाग्रतेसाठी नुसतं बसून उपयोग नाही, तिला रोजच्या मोजक्या, परिमित जगण्याचा आधार लागतो, असं विनोबा त्यात सांगतात. हे मी इथे मुद्दाम आणतो. मोबाइलवर पाऊस लावून पहाटे दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाची अडचण आवाजाची नसते, झोपेची असते. शिवाय ज्या फोनमधून पाऊस येतो त्यातूनच मेसेज येतात, क्रिकेटचा स्कोअर येतो, आणि ऐन सरीच्या मध्येच जाहिरात कडाडते. पाऊस लावायचाच तर आधी फाइल उतरवून घ्यावी, फोन विमान मोडवर टाकावा आणि हाताच्या टप्प्यापलीकडे ठेवावा. हे केलं नाही तर फोनने जे दिलं त्याहून जास्त तो हिरावून घेईल.

आवाजाची पातळीही मोजकीच हवी. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, मुलांसाठी ७५. रोज आठ-दहा तास अभ्यासिकेत बसणाऱ्याचा आठवडा ४० तासांच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून त्याने त्याहूनही खूप खाली राहावं. सोपी कसोटी अशी की समोरच्याने नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे. घरी एकटे असाल तर इयरफोनपेक्षा खोलीच्या कोपऱ्यातला लहान स्पीकर बरा. लगीनसराईत गल्लीत डीजे लागला तर मात्र पावसाच्या आवाजाने त्याच्याशी झुंजू नये, कान गमवाल. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना कायद्याने मनाई आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि तक्रारीसाठी ११२ हा क्रमांक आहे. परीक्षेच्या दिवसांत तो फिरवायला संकोच करू नये.

परीक्षेच्या खोलीत पाऊस नसतो. तिथे पंख्याची कुरकुर, पर्यवेक्षकांची पावलं आणि पुरवण्यांची सळसळ असते. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले होते. २०२१ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसं दिसलं नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी परीक्षेआधीच्या दोन-तीन आठवड्यांत सराव प्रश्नपत्रिका पाऊस न लावता, नुसत्या पंख्याखाली, घड्याळ लावून सोडवाव्यात. कुठल्याही आवाजावाचून लिहिता येतं हा भरवसा हॉलमध्ये कामी येतो.

पाऊस निवडताना विजांचा कडकडाट, पक्षी, पियानो असलेला टाळावा. ऐकायला ते छान वाटतात, पण प्रत्येक गडगडाट मनाला खेचून घेतो. सुरुवातीला कोरं आणि कंटाळवाणं वाटणारं रेकॉर्डिंगच अभ्यासाला चांगलं. परदेशात तयार झालेल्या फायलींत पाइनच्या जंगलातला पाऊस असतो, तोही चालतो, पण आपलाच पाऊस नोंदवून ठेवायला कुणाची हरकत आहे? जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या संततधारेच्या दुपारी पत्र्याच्या पडवीत फोन भिंतीजवळ, गळतीपासून दूर, वारा लागणार नाही अशा जागी घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा. टॉवेलमुळे जमिनीची थरथर मायक्रोफोनपर्यंत पोचत नाही. विमान मोड चालू करून, दार ओढून घेऊन अर्धा तास तिकडे फिरकू नये. नंतर सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन मिनिटं आणि मध्ये आलेलं कुत्र्याचं भुंकणं कापून टाकावं, फाइल पुन्हा पुन्हा वाजेल अशी लावावी, आणि तिला गावाचं नाव व तारीख देऊन धाकट्या भावंडांनाही पाठवावी. दहावी-बारावी त्यांचीही यायची आहे.